उपणणी

औसा रोडला, क्लासच्या पोरांसाठी
होस्टेल उठतंय पाच मजली.
तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या न बसलेल्या खोलीत
मी तक्ता टांगते. सत्तावीस माणसं.
तक्त्यावर फुफ्फुसं, गुलाबी,
लग्नपत्रिकेवर शोभतील अशी.
कुणी बघत नाही.
खाली टँकर आलाय, त्याच्याकडं बघतात.

मी म्हणते, धूळ.
ते हसतात.
धुळीचं काय सांगताव ओ ताई,
फुफाट्यातच जल्मलो आमी.

केरबा सूर्यवंशी, फरशीवाला, तर खरोखरच.
आधीची दोन गेली म्हणून आईनं
याला सुपात घालून केरावर ठेवला,
झाडणारीनं उचलून परत दिला, म्हणून केरबा.
मरणानं केराकडं बघू नये, एवढाच हिशोब.
चाळीस वर्षं बघितलं नाही.
आता जिना चढताना दुसऱ्या वळणावर तो थांबतो
आणि बिडी काढतो,
म्हणजे थांबायला कारण होतं.

खिडकीच्या जागी मी पत्रा लावते. अंधार.
पत्र्याला एक खिळ्याचं भोक, त्यातून कवडसा.
केरबा, बाही झटका. दोनच बोटांनी.

जाड असतं ते खाली बसतं.
बारीक बसत नाही.
आम्ही वाट बघतो.
खाली टँकरवाला हॉर्न देतो, दोनदा.
बसत नाही.
शेषाबाई पदर नाकावर घेते,
मग तोच पदर कवडशापुढं धरून बघते:
विणीविणीतून उजेड आरपार.

माझे वडील निलंग्याकडं दगड घडवायचे.
टीबीचा कोर्स दोनदा पुरा केला त्यांनी,
एक गोळी न चुकवता.
टीबी नव्हताच.
हे तक्त्यावर नाही.

मग मी विचारते,
खळ्यावर उपणताना उभं कुठं राहता?
वारं पाठीला घिऊन, शेषाबाई म्हणते,
येड्यावानी भूस तोंडावर कोण घील?
आणि बोलता बोलता थांबते.
केरबाचा कटर सकाळपासून वाऱ्याच्या अंगाला,
ती पाटी घेऊन नेमकी त्याच्या खालच्या बाजूला.
ती उठते. वायर ओढत कटर पलीकडं नेते.
कुणाला विचारत नाही.
मी तक्ता गुंडाळते.

राहिलं पाणी.
ठेकेदार म्हणतो, पाणी स्लॅबला.
सात दिवस पाजलं नाही तर तडे जातात त्याला.
हो, मी म्हणते, जातात.
नेमका केरबाला खोकला येतो.
तो गिळतो. सगळ्यांना ऐकू येतं गिळलेलं.

आन् करंटचं काय? अल्ताफ विचारतो,
हाताखालचा पोरगा, मिसरूड फुटायचंय.
हा प्रश्न ठेकेदाराला पडायला हवा होता.
झटका तोडणारा स्विच येईपर्यंत
दोन दिवस कटर बंद.
दोन दिवसांच्या हजेरीवरून भांडण. अर्धी मिळते.

तिसऱ्या दिवशी पाण्याचं मशीन येतं, जुनंच,
त्याची नळी गायब.
अल्ताफ बाटलीच्या झाकणाला भोक पाडतो,
वर टांगतो. पात्यावर थेंब, थेंब,
पिंडीवर गळती धरावी तसे.
महादेव केला की रे फरशीचा, केरबा म्हणतो.
दिवसाला तीन घागरी.
टँकरवाला मोजतो, मीही मोजते.
जब्बारमामांच्या दाढीवर मास्क बसत नाही,
दाढी निघणार नाही. त्यांना गिलाव्यावर घेतलं,
तेही मनापासून नाही.

संध्याकाळी बघायला जाते.
राखाडी चिखल फरशीच्या कडेनं उतरतोय.
शेषाबाई तो ओला असतानाच
फावड्यानं गोणीत भरते.
उद्या वाळला की परत धूळच की ओ.
हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

ड्रमपाशी केरबा सदरा काढतो,
रोजच्यासारखा झटकायला उचलतो,
आणि हात तसाच वर राहतो थोडा वेळ.
मग ओल्या फडक्यानं पुसायला घेतो,
हळूहळू,
अंगावर असल्यासारखा.